कार्पेटखालचं फेल्ट

विजय नगर, जबलपूर

प्रिय विनता,

या शहरात कार्पेट धुऊन पोट भरणाऱ्या तुझ्यामाझ्यासारख्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. कुजतं खालचं फेल्ट, आणि शिव्या खातो आपण. आपण वरचं कार्पेट शॅम्पूनं घासतो, मशीननं पाणी ओढतो, पंखे लावतो, नव्यासारखं करून देतो. आठवड्याभरात मालकाचा फोन येतो, "दीदी, बदबू तो फिर आ गई." वास कार्पेटला नसतोच. तो येतो खाली अंथरलेल्या, वर्षानुवर्षं ओल पिऊन सडलेल्या त्या जाड थराला. पण मालकाला थर दिसत नाही, आपण दिसतो.

हे पत्र मी हातानं लिहिते आहे, कारण तुमच्या दुकानातला फोन हल्ली तुझा नवा भागीदार हेमचंद्र उचलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं तर खाली नुसता अंगठा येतो, आणि तो अंगठा तुझा की त्याचा, हे मला कळत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, फर्मशी नाही.

फेल्टसुद्धा आपणच बदलून द्यावं, हे पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, विने? महाराजपूरला तुमच्या गच्चीवर आपण एका दवाखान्याचं कार्पेट वाळत घातलं होतं. तुझी आई खालून ओरडत होती की पापड कुठे घालू. तेव्हा मी तुला विचारलं, की दात साफ करणाऱ्या डॉक्टरला किडलेला दात दिसला, तर तो "मी फक्त पॉलिश करतो" म्हणून हात धुतो का? मग आपण का धुवायचे? तू कपाळाला हात लावलास. "काहून नसत्या भानगडीत पडून राहिली तू? आपण धुणाऱ्या आहोत, घालणाऱ्या नाही. आणि भाषण द्यायला हे मराठी मंडळाचं स्टेज नाही, अवंती. पुस्तकं वाचून फेल्ट बसत नाही." बोललीस ते बोललीस, वर पापडांसाठी माझीच ओढणी मागितलीस.

तुझा खरा मुद्दा मात्र मला तेव्हाही पटला होता. ज्याला विकायचंय त्याला सगळंच सडलेलं दिसतं, असं तू म्हणायचीस. बरोबर आहे. म्हणून तर मी म्हणत होते, की कार्पेटचा कोपरा मालकासमोर उचलायचा, त्यालाच हात लावू द्यायचा, त्यालाच वास घेऊ द्यायचा. निर्णय त्याचा. यात लबाडी कुठे आहे? लबाडी आहे ती आजवर चालत आलेल्या पद्धतीत. खाली काय आहे हे ठाऊक असून वरचं चकचकीत करायचं आणि गुपचूप निघून यायचं! मी हे तुला चहा पिताना सांगितलं, टेम्पोत सांगितलं, तुझ्या भावाच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता सांगितलं. दरवेळी तू "चलो, झालं भाषण" म्हणालीस.

आणि मग तू वेगळी झालीस. भांडण नाही, तंटा नाही. "थोडं स्वतःचं करून पाहते," एवढंच. मी विश्वास ठेवला. चार महिन्यांनी चौकात सिग्नलला उभी होते, तर समोर पांढरी व्हॅन. तिच्यावर लाल अक्षरांत तुमची दोघांची नावं आणि खाली, "कार्पेट धुलाई और नया अंडरले, एक ही दिन में." सिग्नल हिरवा झाला तरी माझी स्कूटर हलेना. मागचा माणूस ओरडला, "मैडम, पढ़ना है तो लाइब्रेरी जाओ!"

अंडरले म्हणजे तेच फेल्ट. माझं म्हणणं होतं ते, विने. शब्दन् शब्द माझा. माझ्या तोंडून आलं तेव्हा ते भाषण होतं. गोहलपूरच्या फोमच्या दुकानातल्या हेमचंद्रच्या तोंडून आलं, तेव्हा तो धंदा झाला?

माझी मावसबहीण अमिता आता माझ्याबरोबर काम करते. मनानं चांगली आहे, पण कार्पेट गुंडाळताना तिचं पाऊल माझ्या पावलाबरोबर पडत नाही. रोल तिरका जातो, पुन्हा उलगडावा लागतो. तू आणि मी कधी एक-दोन-तीनसुद्धा म्हटलं नाही. परवा अमिता एका हॉटेलात तुम्हाला काम करताना पाहून आली आणि जेवताना म्हणाली, "ताई, काय जमून राहिलं हो त्या दोघांचं! बोलावं पण लागत नाही." मी तिला म्हटलं, भाजी घे. हे मी तुला लिहिणार नव्हते. पण लिहिते. मला हेवा वाटतो. तुमच्या व्हॅनचा नाही, तुमच्या कामांचाही फारसा नाही. तुझ्यासमोर दुसऱ्या टोकाला तो उभा असतो, याचा वाटतो.

आता पत्राचं कारण. राजश्रीताईंच्या गाण्याच्या क्लासचं काम तुम्ही श्रावणात केलंत. परवा त्यांनी मला बोलावलं. "मुलं सा लावायच्या आधी खोकतात गं," म्हणाल्या. मी पक्कडीनं कोपरा ओढला. फेल्ट नवं, उत्तम प्रतीचं, सांधे इतके सरळ की माझ्या हातून तसे झाले नसते. आणि तेच फेल्ट ओलंचिंब. खालची फरशी काळी पडलेली. सकाळी धुतलंत आणि संध्याकाळी त्याच दमट फरशीवर नवं घालून मोकळे झालात! फरशीला प्लास्टिकचा तुकडा टेपनं चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी खाली थेंब नसेल तरच वर काही अंथरायचं, ही रीत मला कोणी शिकवली? तू. त्या माणसाच्या घाईसाठी तू तुझीच रीत सोडलीस. राजश्रीताईंनी फोटो काढले होते. "मंडळाच्या ग्रुपवर टाकते, लोक सावध तरी होतील. आणि यापुढे आमचं सगळं काम तूच कर." खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. पूर्ण भाषण जिभेवर तयार होतं. पण ते फोटो घरोघर गेले की तुझं नाव या शहरातून उठेल, आणि त्याबरोबर धुणाऱ्याच्या हाती फेल्टचं काम देणंही लोक कायमचं बंद करतील. ज्या गोष्टीसाठी मी इतकी भांडले, ती तुझ्याबरोबर बुडताना मी बघणार नाही. तुला बुडताना तर नाहीच. मी राजश्रीताईंना म्हटलं, फोटो थांबवा, विनता स्वतः येऊन काम नीट करून देईल. तू येऊन काम हातात घ्यायला त्यांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. पंखे मी आणते, फरशी वाळेपर्यंत मी तिथे बसते. कारणं सांगू नकोस, कोणाला विचारत बसू नकोस. गुरुवारी सकाळी दहाला क्लासवर ये, एकटी ये, आणि ते ओलं फेल्ट बाहेर काढ.

अजूनही तुझीच,
अवंतिका