गॅलरीतली ट्रंक

करी रोड, मुंबई
३० ऑगस्ट १९९९

बाबुराव,

तीर्थरूप लिहावं तर तू चुलतभाऊ, माझ्याहून दोनच महिन्यांनी मोठा; चिरंजीव लिहावं तर लक्षणं बरी नाहीत. म्हणून नुसतं बाबुराव. इकडे पाऊस आहे, नळाला पाणी नाही, आणि शाळेतली माझी मुलं अजून ‘देव’ शब्दाच्या षष्ठीत अडकली आहेत. म्हणजे सर्व क्षेम.

गणपतीला वीस दिवस असताना तू गावी गेलास. आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीत सगळे म्हणाले, बाबुरावांची भक्ती वाढली. खरं कारण मला ठाऊक होतं. दवाखान्याच्या बाई तुझ्या थुंकीचा रिपोर्ट घेऊन माझ्याच दारात आल्या होत्या. चाळीतल्या क्षयाच्या रोग्यांना समोर बसवून गोळ्या गिळायला लावायचं काम हल्ली माझ्याकडे आहे, हे विसरलास वाटतं.

तुला क्षय आहे. तुझ्या शेजारी चटई टाकणाऱ्या रघूलाही. गावाहून येऊन चार महिने झालेत त्याला. तो खोकायला लागला तेव्हा तू म्हणालास, “पावसाची सर्दी आसा ती. दवाखान्यात नाव गेला तर खोलीची अब्रू जायत.” चौदा माणसं, एक खिडकी, तीही तू बंद ठेवायचास.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. गिरण्यांचा संप फसला त्या वर्षी, माझ्या धाकट्या भावाच्या, लवूच्या वेळी. सर्दी, सर्दी म्हणून तू चार महिने काढलेस. रक्त पडलं तेव्हा त्याची ट्रंक गॅलरीत ठेवलीस. आपल्या खोलीत ट्रंक बाहेर म्हणजे माणूस बाहेर, का म्हणून विचारायचंही नाही. त्याने मला विचारलं. “दादा, माझी ट्रंक भायर कोणी काढली?” गावी गेल्यावर शिमगासुद्धा पाहिला नाही त्याने.

सोळा वर्षं मी तुझी ट्रंक बाहेर पडायची वाट पाहिली. काल तो दिवस आला. रिपोर्टची बातमी खोलीत पोचली आणि खोलीतल्यांनी ती फळीवरून उतरवून दारापर्यंत आणली. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो आणि परत वर ठेवायला लावली.

खूश होऊ नकोस. गावी खोकत मेलास तर लोक म्हणतील, गणपतीच्या पायाशी गेला, पुण्यवान होता. ते पुण्य मी तुला मिळू देणार नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला, लवूची ट्रंक होती त्याच जागी स्टूल टाकून बसायचं. चाळ बघेल. गोळ्या गिळायच्या आणि तोंड उघडून मला दाखवायचं, थेट पुढच्या शिमग्यापर्यंत. शेजारी रघू असेल. ही सर्दी नव्हे, हे त्याला तू तुझ्या तोंडाने सांगायचंस.

एक राहिलं. ट्रंक गॅलरीत तू ठेवलीस. जिना उतरवून एसटीच्या टपावर चढवली मी. “गावची हवा मानवेल तुला,” असंही म्हटलं. तेव्हा माझी चटईही त्याच खोलीत होती, आणि मला ती सोडायची नव्हती. म्हणून तिथे दोन नाही, तीन स्टुलं असतील; तिसरं माझं.

पत्र मिळताच निघ. एसटीत खिडकीशी बस, काच उघडी ठेव.

तुला मरू न देणारा,
लवूचा भाऊ,
सीताराम