आतिथ्याचं कृपादान

रिसोड, मंगळवार

आदरणीय जगदेवभाऊ यांना शेषरावचा प्रभूमध्ये सलाम. तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि धनजची तूर कशी आहे ते कळवावं. इथे मी जिवंत आहे. तुमची बहीण 'चार दिवस' म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आज बारा दिवस झाले. (माझा फोन ती उचलत नाही, म्हणून पत्र.) काय घडलं ते तिने सांगितलं असेलच, पण माझी बाजूही ऐका.

गेल्या महिन्यात पास्टरसाहेबांनी चर्चमध्ये 'आपलं कृपादान ओळखा' असं शिबिर घेतलं. पवित्र आत्मा प्रत्येकाला काही ना काही दान देतोच, कुणाला शिकवण्याचं, कुणाला रोगी बरे करण्याचं. आपलं कोणतं ते शोधायला शंभर प्रश्नांचा फॉर्म. तीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडणाऱ्याला कसलं दान असणार, या धाकधुकीत मी पेन उघडलं. 'पाहुणे आले की आनंद होतो का?' नेहमी. 'त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देता का?' कधीच नाही. (स्वयंपाक कोण करतं, हे फॉर्ममध्ये कुठेच विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.) आतिथ्यात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! टाळ्या झाल्या. रत्नमाला तेव्हा मागे शिबिराचे पोहे करत होती.

तेव्हापासून मंडळीचा प्रत्येक पाहुणा आमच्या घरी. एक प्रचारक दोन दिवसांसाठी येऊन नऊ दिवस राहिले. (त्यांचं दान विश्वासाचं, त्यामुळे परत कधी जायचं ते ठरवलेलंच नव्हतं.) मग चौदा तरुणांचा गट. त्यातल्या एकाला अन्य भाषांचं दान, म्हणजे आत्मा सुचवील त्या, कुणालाच न कळणाऱ्या भाषेत तो पहाटे चारपासून मोठ्याने प्रार्थना करायचा. आणखी एकाला रोगी बरे करण्याचं दान. त्याने रत्नमालाच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी मनापासून प्रार्थना केली आणि आमेन म्हणताच चहा मागितला. ती उठली, चहा दिला, पिशवी भरली आणि मला म्हणाली, "दान तुमाले भेटलं, मंग चूल मले काहून?" मी उत्तर शोधेपर्यंत तुमच्याकडे येणारी कारंज्याची गाडी सुटली होती.

त्या दिवशी पिठलं मी केलं. दोन घासांतच चौदाही जणांना उपासाचं दान लाभलं. शेवटी दान परत करायला मी पास्टरांकडे गेलो, तर म्हणाले, "शेषरावभाऊ, असं वापस नाई करता येत." भाऊ, मी फार थकलो आहे. घरात कुणी रागवायलाही नाही, आणि मला करमत नाही.

आपला,
शेषराव

ता.क. सोबत कोरा फॉर्म आहे. त्या दिवशी बायकांना दिलाच नव्हता, त्या स्वयंपाकात होत्या. रत्नमालाला द्या. फाडला तर दुसरा पाठवतो.

ता.क. दुसरा. तिच्या वतीने मीच भरून पाहत होतो. 'पाहुणे आले की आनंद होतो का?' इथेच अडलो. बत्तीस वर्षांत हे मी तिला एकदाही विचारलं नाही. तेवढं तुम्ही विचारून कळवा. ती 'कधीच नाही' म्हणाली तरी तिला परत पाठवा, पिठलं मी करीन.

ता.क. तिसरा. उत्तर शनिवारच्या आत यावं. अकरा जण यायचे आहेत.