सात नंबरची पेटी

अमरावती, १२ नोव्हेंबर १९६४

प्रिय दुर्गे,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. शेंदूरजनाघाटचा यंदाचा बहार कसा, संत्र्याच्या पेट्या भरायला मांडवात कोण कोण बाया आहेत, सगळं विचारायचं आहे. पण आधी दुसरंच.

माझा संशयी स्वभाव तुला ठाऊक आहे. यांनी मला का पसंत केलं, हे कोडं सहा वर्षं सुटलं नव्हतं. हे अडतीवरचे दिवाणजी, शिकलेले, नीटनेटके. आणि मी पेट्या भरणारी, समोरचे दोन दात पुढे. माणसं वळून पाहायची ती तुझ्याकडे, माझ्याकडे कोण पाहणार? मागणी आली तेव्हा आईसुद्धा म्हणाली, पोरात काई खोट असंन. मी ती खोट शोधत राहिले. खिसे पाहिले, सदऱ्यांचे वास घेतले, अचलपूरच्या बसने गेले की कोणाकडे गेले होते ते खोदून खोदून विचारलं. काही सापडलं नाही, आणि त्यानेही जीव थाऱ्यावर येईना.

मागच्या बुधवारी जेवणं झाल्यावर पुन्हा विचारलं. हे हसले नि म्हणाले, तुले पाह्यलंच नव्हतं म्या, पेटी पाह्यली होती. त्या साली अडतीवर पेट्या उघडताना, गेरूने सात नंबर लिहिलेल्या पेट्यांत वरच्या थरावर मधोमध एक संत्रं निघायचं, दोन हिरव्या पानांसकट. बाकी साऱ्या बाया पान खुडून टाकत. जिच्या हातात एवढी माया आहे तिला पाहायलाच आलो, म्हणाले. मी मान खाली घालून ताटं गोळा केली.

दुर्गे, सात नंबर माझा, पण मी जन्मात कधी पेटीत पान ठेवलं नाही. हिवतापाने मी बारा दिवस पडले होते, तेव्हा माझी जागा जाऊ नये म्हणून माझ्या नंबराच्या पेट्या तू भरल्यास. ते उपकार मी विसरले नाही. पण आता रोज एकेक आठवतं. तुझ्या स्वतःच्या अकरा नंबरात तू तेव्हा पान ठेवलं नाहीस, माझ्या नंबराआडून ठेवलंस. त्याआधी हे दोनदा बागेत माल पाहायला आले होते, दोन्ही वेळा पाणी तुझ्याच हातचं प्यायले. मग येऊन सात नंबर कोण म्हणून विचारलं. मी हात वर केला आणि तू शेजारी बसून पेट्यांत अंथरायचं गवत पिंजत राहिलीस, मान काही वर केली नाहीस. तुला विधवा होऊन वर्षही झालं नव्हतं, मला वाटलं परक्या माणसाला लाजली. माझ्या हळदीलाही आली नाहीस. विधवेनं येऊ नये, असा निरोप पाठवलास, आणि मी तो खरा मानला.

हे सगळं पोटात ठेवलं असतं. पण काल अडतीवर अकरा नंबरची पेटी उघडली, तिच्यात पानांसकट संत्रं निघालं. हे ते घरी घेऊन आले, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुह्या पानाची नक्कल कोन करून राह्यलं, सोमवारी जाऊन पाहतो, तू बी चाल. सहा वर्षं नाही आणि यंदाच काहून व दुर्गे? ते पान कोणासाठी होतं, सोमवारच्या आधी लिही. कोणासाठीच नाही, सहज हात गेला असेल, तर तसं लिही. मी हसत येईन. यांच्यासाठी असेल, तरीही तेच लिही, कोणासाठीच नाही म्हणून. मी विश्वास ठेवीन, आजवर कोणावर ठेवला नाही तो तुझ्यावर ठेवीन. आणि मांडवात यांनी तुला विचारलं, तर सांग, पान ठेवायला मला इंदूनं शिकवलं.

अजून तरी तुझीच,
इंदू