जीपची पायरी

आई,

मुलानं जुनी जीप घेतली आहे. तू असतीस तर एवढ्या एका वाक्यावर कपाळाला हात लावला असतास, आणि मला पुढचं काही लिहावं लागलं नसतं. गेले कित्येक रविवार इथं अकोल्याच्या आमच्या अंगणात ठोकाठोक चालू आहे. उंच टायर बसले, टपावर लोखंडी जाळी आली, चिखलातून ओढून काढायला पुढं दोराचं यंत्र आलं. इथवर ठीक होतं. पण परवा त्यानं मला आणि सुनेला बाहेर बोलावलं आणि जीपचं मागचं दार खाली पाडून दाखवलं. दार आडवं झालं की ओटा होतो. आत दोन बर्नरची शेगडी, मसाल्याचे खण, पोळपाट अडकवायला कडी. "आई, आता जंगलात तुले अन् हिले काही म्हणजे काही त्रास नाही. सगळं स्वयंपाकघर संगच," तो म्हणाला, आणि इतका खूश होता की मी पुढं होऊन ती कडी हलवून पाहिली, छान आहे म्हणाले, आणि आत येऊन पलंगावर बसले. दिवाळीच्या सुट्टीत मेळघाटात जायचं आहे, सगळ्यांनी. मला जायचं नाही. मी थकले आहे गं. या मंडळींनी खुशाल जावं आणि चार दिवस हे घर माझ्या एकटीच्या ताब्यात द्यावं, एवढंच मला हवं आहे. हे काही मी बोललेले नाही. बोलायला गेलं की तोंडातून भलतंच काहीतरी निघतं. ही विद्या मी कोणाकडून शिकले ते तुला सांगायला नकोच.

बाबांची जीप आठवते का, असं तुला विचारण्यात अर्थ नाही. महायुद्धानंतर सरकारनं लिलावात काढलेली ती गाडी, डाव्या बाजूला सुकाणू, दारं नाहीत, पुढच्या काचेला तडा. अमरावतीच्या कोर्टातले बाकीचे वकील टांग्यातून किंवा सायकलवरून यायचे आणि आपले बाबा त्या हिरव्या धुडातून उतरायचे. त्यांना कोर्टाचा मनापासून कंटाळा होता. सुट्टी लागली की डोंगरात जायचं, गाडीतच निजायचं, वाट संपेल तिथून पुढं जायचं, हे त्यांचं स्वप्न. आणि त्यात तू हवीस, हा त्यांचा हट्ट. "ही जन्मभर चुलीपाशी बसली, हिला एकदा जंगल दाखवायचंच," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. खोटं नव्हतं ते. आपल्या घरी चूल विझायची कुठं? सकाळच्या मोटारीनं वलगावकडचे पक्षकार, दुपारच्या गाडीनं चांदूर रेल्वेचे, तारीख लांबली की मुक्कामाला. वकिलीणबाईंच्या हातचं पिठलं खाल्ल्याशिवाय म्हणे केसच उभी राहत नाही. मला तू त्या काळातली आठवतेस ती पाठमोरीच, फुंकणी घेऊन वाकलेली.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची आणि पूर्ण बाबांच्या पक्षात. कारण साधं होतं. तू गेलीस तरच मला जायला मिळणार. एकट्या पोरीला जंगलात नेलं तर लोक काय म्हणतील, ही अडचण बाबांसारख्या माणसालाही होती. त्यामुळे तुझं म्हणणं त्यांच्यापर्यंत आणि त्यांचं तुझ्यापर्यंत न्यायचं काम मी मोठ्या उत्साहानं केलं. पहिल्यांदा तू म्हणालीस, "त्या उघड्या गाडीत वाऱ्यानं पदर राहीन का डोईवर?" मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी ताडपत्रीचे पडदे शिवून घेतले. मग तू म्हणालीस, "नऊवारी नेसून चढू कशी? उंट बरा त्याच्यापेक्षा." मिस्त्रीनं लोखंडाची दुमडती पायरी बनवली, पण ती बनेपर्यंत सुट्टी संपून कोर्ट सुरू झालं. त्याच्या पुढच्या सुट्टीला पाणी आडवं आलं. तू अकोल्याच्या भिक्षुकाच्या घरची लेक. "पाणी मले आपल्याच विहिरीचं लागते," असं तू म्हटलंस आणि बाबांनी तांबटाकडून तांब्याची टाकी घडवून घेतली, खाली पितळी तोटी, वर घट्ट झाकण, पुढच्या बाकाच्या पाठीला पट्ट्यांनी आवळलेली. देव उपाशी राहतील म्हणालीस, तर देवांना मखमलीचं अस्तर लावलेला, उचलून नेता येईल असा कप्पा झाला. सोवळ्याचं विचारलंस, तर पत्र्याची पेटी झाली. शेवटी शेगडी, डबे आणि बसायला पाट. मागचा सांगाडा वाढवावा लागला, ओझं पेलायला चाकांवरच्या कमानीत जास्तीचे पाटे घालावे लागले. मिस्त्री हैराण होऊन म्हणाला, "वकीलसाब, ये जंग की गाडी थी. अब इस में बस पाटा-वरवंटा रखना बाकी है." बाबा हसले नाहीत. त्यांनी मला आत पिटाळलं, पाटा-वरवंटा लागेल का म्हणून विचारायला.

तू काय करत होतीस ते मला तेव्हा कळलं नाही. बाबांना तर नाहीच. कोर्टात समोरच्याचं अर्धं वाक्य पकडून त्याला घोळात घेणारा माणूस तो, पण बायकोच्या बोलण्यातलं त्याला तेवढंच ऐकू यायचं जे मिस्त्रीला सांगता येईल. तुझ्याकडे एकेक मागणी होती आणि एकेका मागणीवर तू एकेक सुट्टी ढकललीस. आणि मग एक दिवस मागण्याच संपल्या.

त्या वर्षीची नाताळची सुट्टी आहे. तू पायरीवरून चढतेस, पडदा सारून आत बसतेस, मांडीवर बाळकृष्णाचा कप्पा. रस्ताभर टाकीत पाणी डचमळतंय. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेलेला, हवा गार, दोन्ही बाजूंना कपाशी भिजून काळवंडलेली. परतवाड्याच्या अलीकडे बाबांना सुरसुरी येते. त्यांच्या एका पक्षकाराचा संत्र्याचा मळा आत आहे, तिथं जाणाऱ्या पांधणीतून, म्हणजे शेतातल्या बैलगाडीच्या वाटेतून, जीप घालायची. "बघा आता चारही चाकांची गंमत," असं म्हणून त्यांनी पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि आपण त्या काळ्या मातीत उतरलो. गंमत थोडाच वेळ टिकली. आपली ती माती, ओली झाली की जेवायला बसल्यासारखी चाकं गिळते. दोन चाकांनी खणला असता तो खड्डा चार चाकांनी मिळून खणला आणि जीप पोटावर बसली. तुझी पायरी चिखलात दिसेनाशी झाली. बाबांनी तुला हात दिला, तरी तू गुडघ्यापर्यंत रुतलीस, आणि देवांचा कप्पा डोक्यावर धरून शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन उभी राहिलीस.

शेजारच्या वावरातला शेतकरी बैलजोडी घेऊन आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "वकीलसायेब, एवढं काय भरलं जी? अगुदर खाली करा, मंग बैल जुपतो." आम्ही सामान उतरवू लागलो. तोटी सोडली आणि तुझ्या विहिरीचं पाणी त्या चिखलात गेलं. टाकी धुऱ्यावर आली, तिच्या शेजारी सोवळ्याची पेटी, शेगडी, डबे, पाट, गाद्या, काढलेले पडदे. धुऱ्यावर सगळी रांग लागली. तू तिच्या एका टोकाला उभी होतीस आणि एकेका वस्तूकडे बघत होतीस. आणि तू हसायला लागलीस. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मला वाटलं, रडते आहेस.

"काय झालं वं?" बाबांनी विचारलं.

"मले यायचंच नोतं," तू म्हणालीस.

बाबांचे दोन्ही हात चिखलानं भरलेले. "मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगतच तं होती. पडदे सांगितले, पायरी सांगितली, टाकी सांगितली. आणखी किती खेपा सांगू?" आणि मग शेगडीकडे बोट दाखवून तू म्हणालीस, "घरी चुलीपुढं, जंगलात बी चुलीपुढं. मंग मी गेली कुठी?"

शेतकऱ्यानं बैलांकडे तोंड वळवलं आणि उगाच जुंपणीशी खटपट करत राहिला. शहाणा माणूस. बाबा पुन्हा चाकापुढची माती उकरू लागले. जीप निघाल्यावर त्यांनी ती परत अमरावतीकडे वळवली, आणि मी मागं त्या टाकीला टेकून सबंध रस्ताभर रडले, कारण जंगल गेलं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस, पण तुझा चेहरा मला नीट आठवतो. त्यावर वाईट वाटल्याची खूणसुद्धा नव्हती.

पुढच्या सुट्टीच्या आधी बाबांनी सगळं काढून टाकलं. टाकी न्हाणीघरात गेली, पेटी अडगळीत, पायरी कापली. हलकी झाल्यावर ती जीप कुठंही जायची. आणि लोकांनी म्हणायचं ते म्हणावं, असं ठरवून ते मला एकटीला घेऊन गेले. मी मेळघाट पाहिला. साग पाहिले, कोरड्या नदीतून जीप चढताना पाहिली, दगडांच्या चुलीवर बाबांनी केलेली करपलेली खिचडी खाल्ली. पण आज इतक्या वर्षांनी मला त्यातलं फार थोडं आठवतं. आठवतं ते परत आल्यावरचं घर. चुलीत राख गार, भांडी पालथी, फडताळातला लाह्यांचा डबा बाहेर. आणि तू समोरच्या ओसरीवर, भर दुपारी, केस मोकळे सोडून पाय पसरून बसलेली. मी विचारलं, "आई, काय केलं तू इतके दिवस?" तू म्हणालीस, "काही नाही." नुसतं तेवढंच. पण गोड काही खाऊन झाल्यावर माणूस बोलतो, तसं म्हणालीस. बाबांनी ते ऐकलं आणि जीपमधलं आपलं अंथरूण आत नेलं. त्यानंतर दर सुट्टीत ते जायचे आणि तू राहायचीस. तुमच्या संसारातली ती सगळ्यात सुखाची वर्षं असावीत, असं मला वाटतं. फार नव्हती ती. तू लवकर गेलीस.

मला तुला तेच विचारायचं आहे, आणि म्हणून हा सगळा कागद खराब केला. काय केलंस तू त्या दिवसांत? नुसती निजलीस? गाणं म्हटलंस? एका घरातून उठून दुसऱ्या घरात आलेली बाई तू, रिकामं घर तुला मिळालं तेव्हा आधी कुठल्या खोलीत गेलीस? माझं आयुष्य काही वाईट गेलं नाही. नवरा चांगला होता, त्याचं दुखणं काढलं, मुलगा जीव लावतो, सून तर माझ्यापेक्षा समजूतदार आहे. पण रिकामं घर मला एकदाही मिळालं नाही, आई. आता मिळालं तरी त्याचं काय करायचं ते मला कळेल की नाही, कोण जाणे. तू सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, त्यामुळे कालचं सांगून टाकते. मुलगा विचारायला आला, "आई, अजून काही पाहिजे असंल तं सांग, बनवून घेतो." मी ठरवलं होतं, आज सरळ सांगायचं. तुझं धुऱ्यावरचं वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्याच्या हाताला वंगण, चेहरा थेट बाबांचा. मी म्हणाले, "पाणी मात्र मला घरचंच लागतं." तो हरखला. "टाकीच बसवतो ना मग, तांब्याची," म्हणाला आणि फोन घेऊन तांबट शोधायला गेला. दिवाळीपर्यंत काही ती टाकी व्हायची नाही.

मी वळले तर सून दारात. तिनं सगळं ऐकलं होतं. शाळेत शिकवून, डबे करून, माझी औषधं सांभाळून दमलेली पोर ती, दिवाळीची सुट्टी तिलाही तेवढीच आहे. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, मी काय मागू?"

सरळ नाही म्हण, असं मी तिला सांगायला हवं होतं. तुझ्यानंतर एवढं जग पुढं गेलं, निदान हिच्यापाशी तरी ते यायला हवं होतं. मी म्हणाले, "पायरी माग. पायरीला वेळ लागतो."