भिंतीपलीकडची सून

ती. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, दादाचा राग आणि आईचे कान, तिघांचीही खुशाली कळवा. मी इथे सुखरूप आहे. (हे सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे येईल.) पत्र दादाच्या आधी तुम्ही वाचा, आणि आईला वाचून दाखवायची वेळ आलीच तर जिथे जिथे कंस आहे तिथे खोकला काढा.

आधी घराबद्दल. आईला मी फोनवर दोन खोल्या आणि गॅलरी असं सांगून ठेवलंय. (खोली एक आहे.) लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जागेचा अंदाज पटकन येतो, म्हणून नेमकं सांगतो: दवाखान्यात स्ट्रेचरसाठी असते ना, तशा दोन लिफ्ट एकमेकींना चिकटवल्या की माझं घर झालं. फ्रीज उघडायचा तर न्हाणीघराचं दार लावावं लागतं, आणि आपण न्हाणीघरात असलो तर दूध विसरावं लागतं. अंथरूण घातलं की जमीन संपते. गॅलरी म्हणजे खिडकीबाहेरची वीतभर पट्टी. तिथे माझे बूट हवा खात बसतात. घर पाचव्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दिवसभर मी लोकांना वर नेण्याची सोय करतो आणि संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून ब्याण्णव पायऱ्या स्वतः चढतो. तळमजल्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याला यात फार मजा वाटते. माझ्या बुटांचे तळ झिजण्यात त्याचा फायदाही आहे म्हणा.

भिंत नुसती नावाला. पलीकडे या देशातल्याच एक बाई एकट्या राहतात, वय चौऱ्याहत्तर. उभी हयात पियानोचे सूर लावण्यात गेली, त्यामुळे कान असा की माझ्या नळाचा वायसर गेलाय हे त्यांना माझ्याआधी कळलं. आणि आईचं तर तुम्ही जाणताच. यंत्र कानाला लावणार नाही ही तिची सहा वर्षांची शपथ. मग रोज संध्याकाळी ती तिकडून ओरडते, मी फोन स्पीकरवर टाकून इकडून ओरडतो. जेवलास का, हो जेवलो, काय म्हणालास, पुटपुटू नकोस, असं अर्धा तास. पहिल्या आठवड्यात भिंतीवर टकटक झाली. मी आवाज खाली आणला, तर आईने विचारलं, आजारी आहेस का. तेव्हा आवाज पुन्हा चढवला आणि बाईंची मनातल्या मनात माफी मागितली.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बाई जिन्यात भेटल्या. मी अंग चोरून वाट दिली. त्या थांबल्या आणि स्वच्छ मराठीत, अगदी आईच्या सुरात म्हणाल्या, "जेवलास का?" वहिनी, मी हत्यारांसकट पायरीवर बसलो. तोंडातून आपोआप "हो आई" निघून गेलं. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. आमच्याकडे माणसं भेटली की असं म्हणतात, एवढाच त्यांचा समज. (फारसा चुकीचा नाही.) मी खुलासा करायला हवा होता, पण इथे येऊन तीन महिन्यांत हे तोंडावर विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं, त्यांचा समज मोडवेना.

मग हे लोण पसरलं. बाईंनी बूटवाल्याला शिकवलं, बूटवाल्याने टपालवालीला. (टपालवालीला "जेवलीस" म्हणायला हवं, पण व्याकरणात शिरलो असतो तर कामावर पोचलो नसतो.) बूटवाला निरोप घेताना "पुटपुटू नकोस" म्हणतो. आणि घरमालक छप्पर बघून निघाला, तेव्हा बाईंनी हात हलवून त्याला सांगितलं, "सुनेला सांगू नकोस." (हे वाक्य आईच्या तोंडी रोज का असतं ते मला विचारू नका. साखरेच्या डब्याला कुलूप लावा. इथे खोकला पुरणार नाही, पानच उलटा.)

गेल्या सोमवारी आईने नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडात घास होता. पलीकडून बाईंनी खणखणीत उत्तर दिलं, "हो, जेवलो. तू जेवलीस का?" माझं एक वाक्य चारदा ऐकणाऱ्या आईने हे पहिल्या झटक्यात ऐकलं. कोण ती, म्हणाली. मी घास गिळून ओरडलो, "शेजारीण!" आई म्हणाली, "काय? कारभारीण?" आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला की आईचं विमानाचं तिकीट काढलंय आणि माझ्याशी तो नंतर बोलेल.

तर वहिनी, माझं लग्न झालेलं नाही, हे दोघांनाही तुमच्या पद्धतीने समजावून सांगा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. खरं काम हे की तिकीट रद्द करवा. जिने सांगा, हवा सांगा, काहीही सांगा. आई आली तर मी झोपायचं कुठे?

दुसरा ता. क. पत्र खिशात राहिलं. आत्ताच दादा म्हणाला, सुनेचा आवाज नीट ऐकायचा म्हणून आईने आपणहून यंत्र लावून घेतलंय. तेव्हा ती शेजारीण आहे हे आणखी आठ दिवस सांगू नका. कानाला सवय होऊ द्या.

तिसरा ता. क. काल आईला मीच सगळं सांगितलं. शेजारीण, एक खोली, गॅलरी नाही. हळू बोललो तरी तिला सगळं ऐकू गेलं. मग म्हणाली, "एवढीशी खोली, म्हणजे तिथे यंत्र काढून ठेवलं तरी चालेल." फोन ठेवला तोच दार वाजलं. रोजचं ओरडणं ऐकू आलं नाही, म्हणून बाई काळजीने बघायला आल्या होत्या. आई यायचं म्हणतेय, पण जागा नाही म्हणून मी तिकीट रद्द करवतोय, असं मी त्यांना सांगितलं. आज सकाळी उतरताना पाहिलं, त्यांची वेताची खुर्ची तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मांडलेली. चढताना आईला दम खायला, म्हणाल्या. तिकीट राहू द्या.