सहा मीटरच्या अलीकडे

सोमवार
नवी नोकरी, यंदाची चौथी. काका हौशी रेडिओवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करतात. खाली दुकान, वर मला खोली, काकूंचा चहा फुकट. आज ट्रान्झिस्टरवाल्या अँप्लिफायरचा नवा डबा आलाय. जुन्या व्हॉल्व्हवाल्यासारखं याला तापत बसावं लागत नाही, बटण दाबलं की चालू. मी रोज एकेका बँडवर किती वॉट निघतात ते मोजायचं. ऐंशी मीटर, चाळीस, वीस, दहा, सहा. ऐंशी म्हणजे आवाज ऐंशी मीटर जातो का, असं विचारलं तर काकांनी हसता हसता चहा सांडला. ती लाटेची लांबी, गाढवा, म्हणाले.

मंगळवार
ऐंशीवर पाचशे वॉट, ठणठणीत. अँटेनाऐवजी तेलात बुडवलेला रेझिस्टर जोडतो, म्हणजे सगळी ताकद तेलात जिरते, बाहेर काही जात नाही. तरी मी माइकवर हॅलो म्हणताच बाहेर लांबून कोणीतरी हाक मारली. भोवऱ्या. एका जागी टिकत नाही म्हणून आई असं म्हणायची. इथे ते कोणाला ठाऊक नाही. आवाज आईचा नव्हता.

बुधवार
चाळीस. पाचशेच. हाक समोरच्या बंद गोदामातून. टेप लावून अंतर मोजलं, माझ्या खुर्चीपासून चाळीस मीटर. काकांना सांगितलं नाही, पुन्हा हसले असते.

गुरुवार
वीस. हाक फुटपाथवरून. पळण्यात माझा हात कोण धरणार, सरळ बस पकडली. बस भरधाव, आणि मागून, तेवढ्याच अंतरावरून, भोवऱ्या. धापसुद्धा लागली नव्हती त्याला. परत आलो. इथे निदान माणसं आहेत.

शुक्रवार
दहा काकांनीच मोजलं. साडेतीनशे वॉट. फ्रीक्वेन्सी वर चढली की दम लागतो याला, माझ्यासारखाच, म्हणाले. मला वाटलं तोही दमेल. नाही— वॉट उतरले, हाक चढली. काकूंनी वर येऊन विचारलं, जिन्यात तुझं कोण पाहुणं बसलंय, त्यालाही चहा टाकू का. मी पाहिलं. जिना रिकामा.

शनिवार
सहा नको म्हणून काकांच्या पाया पडलो. गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, म्हणाले, आणि तू झोप जरा.
दार लावलंय. भिंतीला टेकून लिहितोय. खाली बटण वाजलं—
समोरच्या भिंतीशी तो उभा आहे. खोली तेवढीच लांब—
बटण पुन्हा वाजलं. काकांनी बंद केलं. झालं मोजून. या डब्यात सहाच्या अलीकडे बँडच नाही, मग हा अजून का—
पलंगाशी—
काकू खालून विचारतायत, दोन कप की