बंद थांब्यावरची चाळीस सेकंदं

३ नोव्हेंबर
गोथेनबर्गला आलो. घर उबदार, खिडकीतून नदी दिसते. स्टॉकहोममध्ये मी चौथ्या टेबलावरचा कारकून होतो. इथं उत्तर विभागातल्या सगळ्या बसचं वेळापत्रक माझ्या हातात. डेपोत कॉफी आणि दालचिनीच्या बननं स्वागत झालं. बन छान होते. माणसांबद्दल तसं म्हणवत नाही. कॉफी पिणं हा यांचा मुख्य धंदा, बस चालवणं जोडधंदा. सगळ्यांत जुना चालक बोर्ये, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. त्यानं मला ‘राजधानीचे शहाणे’ म्हणून हाक मारली. सगळे खिदळले. मीही हसलो. यांना सरळ करायला महिना पुरे.

६ नोव्हेंबर
त्रेसष्ट नंबर रोज उशिरा पोचते. कारण शोधायला दुपारच्या फेरीत जाऊन बसलो. चुनखडीच्या जुन्या खाणीपाशी बोर्येनं बस उभी केली. तिथं थांबा नाही. आठ वर्षांपूर्वीच बंद झालाय. त्यानं मधलं दार उघडलं, खाली मान घालून काहीतरी पुटपुटला, दार लावलं. चढलं कुणी नाही, उतरलं कुणी नाही. चाळीस सेकंदं गेली.

खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आठ वर्षांपूर्वी एका थंडीत उशीर भरून काढायला तीन बस इथं न थांबता गेल्या. गुन्व्होर नावाची म्हातारी वाट बघत होती. चौथी थांबली, तेव्हा ती थांब्याच्या बाकावर बसल्या जागी गोठलेली. तेव्हापासून सगळे चालक दार उघडतात. ती चढत नाही. पण दार उघडायचं.

इतकी वर्षं गाडी हाकली की मेंदूही डिझेलवर चालत असावा.

७ नोव्हेंबर
लेखी हुकूम काढला. खाणीपाशी बस थांबणार नाही. कुणीही दिसो, बाई दिसो की भूत दिसो. शेवटचे शब्द मुद्दाम घातले. बोर्येनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “कुणीही म्हणजे कुणीही ना, साहेब? नक्की?” मी म्हणालो, वाचता येतं ना तुला?

११ नोव्हेंबर
त्रेसष्ट चार दिवस वेळेवर. जादूटोणा नाही, नुसती शिस्त!

दुपारी माय-लिस आली. चालकांतली त्यातल्या त्यात डोकं असलेली बाई. म्हणाली, खाण मागे पडली की मधल्या दारावर बाहेरून कुणाची तरी मूठ आपटत राहते, शेवटच्या थांब्यापर्यंत. मी डॉक्टरचा नंबर दिला. ती रजेवर गेली. एकीला भास झाला की लगेच साथ पसरणार.

१४ नोव्हेंबर
पसरली. तिघं रजेवर. बोर्ये मला बस दाखवायला घेऊन गेला. मधल्या दाराच्या काचेवर हाताचा ठसा. स्वतः पुसला. निघेना. आतून पुसला, बाहेरून पुसला. पोरांचा चावटपणा, दुसरं काय. बोटं मात्र फार बारीक होती.

१८ नोव्हेंबर
सकाळी ट्रामच्या रांगेत मागे कुणीतरी चिकटून उभं. इथं लोक दोन हात सोडून उभे राहतात, म्हणून चीड आली. तपकिरी कोटाची बाही दिसली. वळलो तर कुणी नाही. झोप कमी पडतेय.

२० नोव्हेंबर
आजही. आणि जिन्यात. आणि ऑफिसच्या दारात —
बस्स झालं. उद्या भरदुपारी त्या खाणीपाशी तासभर उभा राहतो. मग बघू कोण तोंड उघडतं.

२१ नोव्हेंबर
१.४० — अलीकडच्या थांब्यावर उतरून चालत आलो. धुकं. उणे सहा. अर्थातच कुणी नाही. गाढवं सगळी.

२.०५ — त्रेसष्ट न थांबता गेली. शाबास.

२.३५ — थंडी हाडात शिरली. दुसरी आली. हात केला. बोर्येच होता. त्यानं मला पाहिलं. नक्की पाहिलं. मान खाली घातली आणि वेग वाढवला. उद्या याला घरी बसवतो.

२.५० — फोन बंद पडला. परत चालत निघालो. मागे पावलं. थांबलो की थांबतात. धुक्यात रस्ता कळेना. पुन्हा इथंच —

३.०५ — तिसरी. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. वळसा घालून गेली. आतले लोक माझ्याकडे बघतही —

बोटं नीट वळत नाहीत. जरा बसलो. आता तितकं गार वाटत नाही. शेजारी कुणीतरी आहे. बघणार नाही. तिनं विचारलं, गेली का हो बस? मी म्हणालो, येईल आता. किती प्रेमानं म्हणाली, थोडं सरका की —

सरकलो.

पण इथं बाक नाहीये. मी आलो तेव्हा नव्हता. मग मी कशावर बस